पृष्ठ एकशे सतरा ते एकशे एकवीस

अखेर मृणालिनी आगाशेने त्या पाच पानांवर पट्ट्या चिकटवल्या, आणि त्याही खळीने नव्हे, सुताराकडून आणलेल्या सरसाने. ही गोष्ट वाचनालयाच्या कुठल्याच इतिवृत्तात नाही, आणि ज्याची नोंद नाही ते झालेलं नाही, असं वाचनालयाचे चिटणीस गंगाधरपंत करमरकर गेली बावीस वर्षं सांगत आले आहेत. तेव्हा आपणही ते झालं नाही असंच धरून चालू. पट्ट्या अजून चिकटवायच्या आहेत. सन एकोणीसशे एकोणसाठ, ऑक्टोबर महिना, दुपारचे सव्वातीन, आणि मृणालिनीच्या टेबलावर ‘भिजली पैठणी’ ही पेशवाईतली शृंगारिक कादंबरी पालथी पडली आहे.

वाचनालय ठाकूरद्वारला, एका उदबत्तीवाल्याच्या दुकानाच्या माडीवर होतं. त्यामुळे तिथलं कुठलंही पुस्तक घरी नेऊन उघडलं, की देव्हाऱ्याचा वास यायचा. वाचनालयाच्या घटनेतला नियम क्रमांक सात असा होता, की महिला सभासदांना द्यायच्या प्रतीतला आक्षेपार्ह मजकूर तपकिरी कागदाच्या पट्ट्या चिकटवून झाकावा. पुरुषांच्या प्रतीला पट्ट्या नसत. पुरुषांवर वाङ्मयाचा परिणाम होत नाही, असं घटना लिहिताना गृहीत धरलं होतं. काय झाकायचं हे ठरवायला तिघांची उपसमिती होती. त्यातले एक संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आल्यापासून फक्त वर्तमानपत्रं वाचत. दुसरे दोन वर्षांपूर्वी वारले होते, पण त्यांच्या जागी कुणाला घ्यावं यावर एकमत होईना, म्हणून कागदोपत्री ते अजून परीक्षण करत होते. तिसरे गंगाधरपंत. गंगाधरपंतांनी प्रत्यक्ष वाचायचं काम साहाय्यक ग्रंथपाल म्हणून मृणालिनीकडे सोपवलं होतं. ती चौतीस वर्षांची होती, लग्न झालेलं नव्हतं, आणि अशा बाईला काय झाकावं ते बरोबर कळतं असा त्यांचा अनुभव होता. कुठे घेतला कोण जाणे. सहा वर्षं ती पेन्सिलीने ओळींना कंस करत होती आणि बुधाजी शिपाई गव्हाच्या पिठाची खळ शिजवून त्या ओळींवर पट्ट्या डकवत होता. सहा वर्षं गिरगावातल्या बायका ती पुस्तकं घरी नेत, चुलीवर भाताला वाफ आली की पान वर धरत, पट्टी अलगद सोडवून वाचत, आणि भाताच्याच चार शितांनी पुन्हा चिकटवून पुस्तक वेळेवर परत करत. परत आलेल्या पुस्तकाला उदबत्तीच्या जोडीला आंबेमोहराचा वास असायचा. अडुसष्ट वर्षांच्या आनंदीबाई पटवर्धन तर सरळ म्हणत, “मृणाल, पट्टीवालं दे गो. नाहीतर तीनशे पानांत कुठे शोधत बसू? डोळे कुठे राहिलेत आता.” म्हणजे पट्टी ही झाकण नव्हती, खूण होती. हे मृणालिनीला माहीत होतं, बुधाजीला माहीत होतं, गंगाधरपंतांच्या पत्नीला तर फारच चांगलं माहीत होतं. पण त्याची नोंद नव्हती.

‘भिजली पैठणी’ चार दिवसांपूर्वी आली. लेखकाचं नाव नुसतंच ‘मधुपर्क’. नायिका यमुना ही एका सरदाराकडे भांडी घासणारी गरीब पोर, नायक एक देखणा शिलेदार, आणि पैठणी पृष्ठ चाळीसवर येते ती पुढे पुस्तकभर वाळत नाही. मृणालिनी हे असलं पुष्कळ वाचून कंटाळली होती. पेन्सिल आपोआप चालायची, मन कुठेतरी तिसरीकडेच, बहुधा घरी जाताना कोथिंबीर घ्यायची की नाही इथवर असायचं. पण पृष्ठ चौदावर यमुना पाण्याला जाते आणि घागर सोडण्यापूर्वी विहिरीत वाकून, हळू आवाजात, तळाशी राहणाऱ्या कासवाची परवानगी मागते. पेन्सिल थांबली. कोथिंबीर थांबली. मृणालिनीला खुर्चीत बसल्या बसल्या तळपायांना गार दगड लागला. गिरगावात त्यांच्या वाडीतल्या विहिरीच्या कठड्याशी अनवाणी उभं राहिल्यावर लागायचा तसा, शेवाळाने किंचित बुळबुळीत. ती सहा वर्षांची असताना त्या विहिरीतल्या कासवाला विचारल्याशिवाय पाणी काढत नसे. आई हसेल म्हणून आईला सांगितलं नव्हतं, अप्पा रागावतील म्हणून अप्पांना नाही. पुढे मोठेपणी एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि तो हसला नव्हता. तिने पुढे वाचलं. यमुनेला कुणी काहीही सांगितलं, अगदी तिच्या बापाला कोतवालाने धरून नेलं असं सांगितलं, तरी ती म्हणते, “बरं, मग?” हे तर मृणालिनी दिवसातून तीसदा म्हणायची. गंगाधरपंत त्यावरून तिला उद्धट समजत. ती उद्धट नव्हती. पुढचं ऐकायची तयारी आहे एवढंच तिला सांगायचं असायचं. सहसा पुढचं काही नसायचं.

तो माणूस म्हणजे रघुवीर नाडकर्णी, सभासद क्रमांक दोनशे एकाहत्तर. माहीमला राहायचा, एका विमा कंपनीत होता, आणि दीड वर्षं रोज संध्याकाळी खिडकीजवळच्या टेबलाशी बखरी वाचत बसायचा. त्यांचं बोलणं प्रथम परतीच्या तारखांवर झालं, मग बखरींवर, मग पुस्तकातून चिठ्ठ्यांवर. एका चिठ्ठीत त्याने ‘तुम्ही’ खोडून वर बारीक अक्षरात ‘तू’ लिहिलं होतं. खोडलेलं स्पष्ट दिसेल अशा बेताने. अप्पांना हे कळलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “मासे खातात ना ते?” आणि वर्तमानपत्र पुन्हा वर धरलं. तिकडे माहीमला त्याच्या आईने दादरची एक मुलगी पाहून ठेवली होती. असं दोन्हीकडून आलं, तेव्हा रघुवीरने जानेवारीतली एक तारीख ठरवली. सकाळी नऊला, वाडीच्या मागच्या गल्लीत, कोळशाच्या वखारीच्या बंद दाराशी. “आलो तर काय ते समज,” असं तो म्हणाला होता, “आणि नाही आलो तरी समज.” हे वाक्य तिला तेव्हा फार मर्दानी वाटलं होतं. आता पट्ट्यांखाली गेलेली शेकडो वाक्यं वाचल्यावर तिला कळत होतं, की ते मर्दानी नव्हतं, नुसतं सोयीचं होतं.

ती तारीख आली छप्पन्न सालच्या जानेवारीत, मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणून शहर पेटलेलं असताना. गिरगावात गोळीबार झाला, संचारबंदी लागली. वाडीचं दार बंद, खिडक्या बंद, आणि अप्पा रेडिओला कान लावून, जणू दिल्लीतलं कुणीतरी त्यांच्याशीच बोलणार होतं. मग ठरल्या दिवशीच सकाळी आठ ते दहा संचारबंदी उठली, दूध-भाजी आणण्यापुरती. मृणालिनीने भाजीची पिशवी घेतली, हिरवं पातळ नेसली आणि वखारीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. गल्लीत सोडावॉटरच्या फुटक्या बाटल्यांचा चुरा होता. अश्रुधुराचा वास कालचा होता, पण डोळ्यांना आजचाच लागत होता. समोरच्या पायरीवर एक पोलीस बसून संत्रं सोलत होता, साल एकाच लांब फितीत निघावी म्हणून जपून. ती मोडली तेव्हा त्याने मृणालिनीकडे पाहिलं, जणू तिच्यामुळेच मोडली. बायका पिशव्या भरून परत जात होत्या. “मेथी आलीय गो, पळ,” असं एकीने सांगितलंसुद्धा. ती पळाली नाही. दहाला पाच कमी असताना पोलीस उठला, रसाचे हात पँटला पुसले आणि अगदी सौम्यपणे म्हणाला, “ताई, आता जावा घरी.” घरी गेल्यावर अप्पांनी रिकामी पिशवी पाहिली. “दोन तास काय करत होतीस?” “रांग होती.” “कसली?” तिने पिशवी खुंटीला अडकवली. चार दिवस घरात पिठलं-भात झाला, आणि चारही दिवस अप्पा पहिल्या घासाला थांबून म्हणायचे, “रांग होती म्हणे.”

त्यानंतर तो वाचनालयात आला नाही. पत्र नाही, निरोप नाही. वर्षभराने त्याचं लग्न झाल्याचं तिला तिसऱ्याच कुणाकडून कळलं. पण एक गोष्ट तिच्या हातात राहिली होती, आणि ती तिने कुणाला दिली नाही: संचारबंदी होती. माहीमहून गिरगावात येणार कसा माणूस? नाही आला याचा अर्थ यायचं नव्हतं असाच होतो असं थोडंच आहे? सरकारने लोकांवर लादलेल्या त्या संचारबंदीचा फायदा सबंध मुंबईत एकट्या मृणालिनीला झाला. पावणेचार वर्षं ती त्या शंकेवर जगत होती. शंका फार मोठी नव्हती, एका माणसाला आडवं होता येईल एवढीच. पण रोज दमून घरी आल्यावर तेवढी जागा पुरायची. अप्पा मोर्च्याला जात, सभेला जात, घसा बसवून परत येत आणि म्हणत, “एकदा मुंबई मिळू दे, मग तुझं बघू.” म्हणजे तिचं लग्न राज्यपुनर्रचनेच्या प्रश्नाला जोडून अनिर्णित ठेवलेलं होतं, बेळगावसारखं. तिची हरकत नव्हती.

आणि आता पृष्ठ एकशे सतरा. पुण्यात दंगल होते, कोतवाल दवंडी पिटून लोकांना घराबाहेर पडायची मनाई करतो, आणि तिसऱ्या दिवशी पाणी भरण्यापुरती पाच घटकांची मोकळीक देतो. यमुना रिकामी घागर घेऊन एका लाकडाच्या वखारीच्या दाराशी उभी राहते. समोर एक शिपाई काहीतरी सोलत बसलेला असतो. पेशवाईत संत्रं चालेल का याची लेखकाला शंका असावी, म्हणून त्याच्या हातात ऊस आहे. मृणालिनीने हे वाचलं आणि पेन्सिल खाली ठेवली. पोलिसाचं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. रघुवीरलाही नाही, कारण सांगायला रघुवीर त्यानंतर भेटलाच नव्हता. मग मधुपर्क तोच असला तरी त्याला हे कसं कळलं? की वखारीसमोर कुणीतरी काहीतरी सोलत बसतंच, सगळ्या काळांत? पुढल्या ओळीत शिलेदार येतो. गल्लीच्या टोकाला तो दिसतो, तोफेच्या धुरातून, आणि येतोच. वखारीचं दार उघडं निघतं. यमुनेच्या ओल्या पैठणीचा पदर त्याच्या तलवारीच्या मुठीत अडकतो, आणि तो सोडवता सोडवता पाच पानं जातात, घटकेला एक प्रमाणे. लाकडाच्या भुशाचा वास आहे, फटीतून आलेलं ऊन तिच्या खांद्यावर पडून ‘सोन्याच्या थेंबासारखं निथळतं’ आहे, मानेवर त्याचा श्वास आहे, आणि तो श्वास, गंगाधरपंतांच्या भाषेत, आक्षेपार्ह आहे. मृणालिनीने ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा साहाय्यक ग्रंथपाल म्हणून. दुसऱ्यांदा तिला लेखनातल्या चुका दिसल्या: खांदा डावा होता तो मध्येच उजवा होतो. तिसऱ्यांदा खांदा दोन्हीकडे तिचाच होता. पंखा तसाच कुरकुरत होता, खाली उदबत्तीवाला गिऱ्हाइकाला मोगरा की केवडा विचारत होता, आणि चौतीस वर्षांची एक बाई दुपारी साडेतीनला, खिडकीशी पाठ करून, पदर नीट असतानाही तो पुन्हा खांद्यावर ओढून घेत होती.

“बाई, खळ झाली,” बुधाजी दारातून म्हणाला. त्याने पितळेची वाटी टेबलावर ठेवली. “कुठल्या कुठल्या पानावर, तेवढं सांगा. नायतर मग उद्या आंबेल ती.”

“अजून ठरलं नाही, बुधाजी.”

बुधाजी लालबागच्या चाळीत राहायचा. घरातली, चाळीतली सगळी मंडळी तीन वर्षांपूर्वी बौद्ध झाली होती. तो वाचनालयातलं प्रत्येक पुस्तक पट्टी लागण्यापूर्वी घरी नेऊन वाचायचा. रात्रशाळेत शिकलेला माणूस, अक्षर सोडायचा नाही.

“वाचलंत तुम्ही हे?” तिने विचारलं.

“परवाच. कौसल्येलापण वाचून दाखवलं. ती म्हणाली, ही भांडी घासते ना, मग हिचे हात लोण्यागत कसे? माझे बघा म्हणाली. मी बघितले.” त्याने पट्ट्यांचा गठ्ठा नीट केला. “आणि बाई, हिची जात कुठं लिहिलीच नाय. गरीब गरीब म्हणतो नुसता. पण विहिरीवर वाकू देतात म्हणजे आमची नाय, एवढं कळलं. आमची असती तर गोष्ट पहिल्या पानावरच संपली असती. कासव काय, कोणच परवानगी देत नव्हता.”

“बरं, मग?”

“मग काय. शेवटी विहिरीतच उडी घेते ती. गरीब पोरगी पुस्तकात घातली की विहीर बांधूनच ठेवतात. दोनशे अठ्ठ्याऐंशी पानावर. कासवाचं पुढं काय झालं ते दिलं नाय.” तो जायला वळला, मग थांबला. “त्या पाच पानांवर मात्र पट्टी लावू नका, बाई. तेवढ्यातच ती जरा बरी दिसते.”

मृणालिनीलाही तेच वाटत होतं, पण वेगळ्या कारणाने. पट्टी लावली तर ती पाच पानं गिरगावभर शिजणार. आनंदीबाई ती वरणावर धरणार, तिच्या वाडीतल्या खालच्या मजल्यावरच्या मुली दुपारी खिडकीत वाकून उन्हापुढे धरणार, आणि जो माणूस तिच्याकडे आला नाही तो घरोघरी येणार. लावली नाही तर उपसमितीपुढे तिने लेखी म्हणायचं, की वखारीत झालं त्यात वावगं काही नाही. ते म्हणायला तिची हरकत नव्हती. फक्त ते झालं नव्हतं. त्यात गंगाधरपंत गुरुवारी टेबलाशी येऊन उभे राहिले. ते कधी बसत नसत. बसलं की बैठक झाली, आणि बैठक झाली की इतिवृत्त आलं. “मृणालिनीबाई, ते पैठणीचं शनिवारपर्यंत संपवा. सभासद विचारतायत. माझ्या मते पट्ट्या भरपूर लागतील. म्हणजे मी वाचलेलं नाही. एकशे सतरा तर मुळीच नाही.” “बरं, मग?” “मग काय, पंचवीसेक पट्ट्या. आणि त्या शिपायाला सांगा, खळ घट्ट करत जा. घरी… म्हणजे लोकांच्या घरी, त्या फार लवकर सुटतात, अशी तक्रार आहे.”

शुक्रवारी चार वाजता रघुवीर नाडकर्णी जिना चढून आला. हे काही योगायोगाने झालं नाही. लेखक आपलं पुस्तक कपाटात लागलं का हे पाहायला वाचनालयातून हिंडतात, त्यातला हा एक. तो थोडा जाड झाला होता. कोट चांगला होता. हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र होतं आणि त्याने तो कपाळावरचा घाम टिपत होता, त्यामुळे ‘संयुक्त’ एवढा शब्द कपाळावर उमटल्यासारखा मृणालिनीला वाटला, पण जवळ आल्यावर ती नुसती शाई होती. तिला वाटलं होतं, असा तो समोर आला तर छातीत काही होईल. फक्त गुडघे दुखले, ते सकाळपासून दुखतच होते.

“ओळखलंत?” तो म्हणाला.

“सभासद क्रमांक दोनशे एकाहत्तर. नाव कमी केलं आहे.”

“हो हो. ते बरोबरच आहे.” तो समोर बसला. “एक विनंती होती. खाजगी. ते मधुपर्क म्हणजे मीच. ऑफिसात कळलं तर पंचाईत, म्हणून टोपणनाव. तर तुमच्या इथे पट्ट्या लावतात ना? प्रकाशक म्हणतो, ठाकूरद्वारला पट्ट्या लागल्या की दुसरी आवृत्ती सहा महिन्यांत. म्हटलं, तुमची ओळख आहे, वीसेक तरी लावाल.”

“बरं, मग?”

तो हसला. “यमुना अगदी असंच म्हणते बघा.” आणि त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं त्याच्या चेहऱ्यावर कुठेच आलं नाही. मृणालिनी पाहत राहिली. एवढा रिकामा, प्रामाणिक चेहरा तिने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

“ते कासव कुठून आणलंत?”

“कासव ना? सगळे तेच विचारतात. सुचलं. आंघोळ करताना सुचलं एकदम.”

“आणि एकशे सतरा? तीपण कल्पनाच?”

आता मात्र त्याने मागे वळून पाहिलं. बुधाजी दूर कपाट पुसत होता. रघुवीर पुढे वाकला आणि त्याचा आवाज एकदम जुना झाला, चिठ्ठ्यांतला. “ती कशी कल्पना असेल? ते आपलं. त्या दिवशीचं. तुम्हांला राग तर नाही ना आला?”

“कुठल्या दिवशीचं?”

“संचारबंदीत नाही का आपण भेटलो, कोळशाच्या वखारीशी. तुमचं हिरवं पातळ होतं. माझ्या कोटाचं बटण तुमच्या पिशवीच्या बंदात अडकलं होतं. समोर तो पोलीस… काय करत होता बरं? सोलत होता काहीतरी.”

हिरवं पातळ तिच्याकडे तेव्हा एकच बरं होतं. ते तो ओळखणारच. पोलीस त्या दिवसांत प्रत्येक पायरीवर होता. मृणालिनीने हे सगळं मनाशी शांतपणे वजा केलं. वजा करून जे उरलं ते त्याच्याकडे बघत तिने सांगितलं. “रघुवीर, तुम्ही आला नव्हतात.”

“मी?” तो खरोखर विचार करू लागला. नाकाच्या शेंड्याकडे बघत विचार करायची त्याची ती सवय होती. “असं कसं. आलो होतो की. माहीमहून चालत आलो, आमच्या गल्लीत कोण पाळत होतं ती संचारबंदी. दोन तास होतो आपण. मी विचारलं तुम्हांला. तुम्हीच नाही म्हणालात.”

“मी?”

“खूप वेळ गप्प राहिलात आणि म्हणालात, नको, तुम्ही जा. मला तर रडू येत होतं. जाताना मी वळून पाहिलं तर तुम्ही पिशवी घेऊन सरळ मेथी घ्यायला निघाला होतात.” त्याने सुस्कारा सोडला, आणि तो सुस्कारा खोटा नव्हता. “मग केलं मी दादरला. चांगली आहे ती. पण असं पाहा, ते मनात राहिलं होतं, म्हणून तर लिहिता आलं. मूळ दीड पानाचं होतं. प्रकाशक म्हणाला, सोळा पानांचा फर्मा भरत नाही, वाढवा. म्हणून वखारीचं दार उघडलं.”

हे खोडून काढायचं तर साक्षीदार हवा. तो पोलीस आता कुठे असेल, नागपूरला, की पेन्शनीत? माहीमच्या गल्लीत कुणी संचारबंदी पाळत नव्हतं. म्हणजे यायला त्याला कुणी अडवलं नव्हतं, म्हणजे पावणेचार वर्षं तिने जपलेली ती माणूसभर शंका त्याने जाता जाता, कोटावरची धूळ झटकावी तशी झटकून टाकली होती. आणि वर तिच्या जागी काहीतरी ठेवलंही होतं. तो गेल्यावर (“वीस नाही तर पंधरा तरी लावा, चालेल,” असं सांगून गेला) मृणालिनी त्याने सांगितलेल्या त्या दुसऱ्या सकाळीकडे पाहत बसली. तिच्यातली मृणालिनी उंच होती. तिच्याकडे एक माणूस माहीमपासून चालत आला होता, काचांच्या चुऱ्यातून, बंदुका चुकवत. तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं होतं आणि विचार करून नको म्हटलं होतं. त्याला रडू आलं होतं. मग तिने मेथी घेतली होती. पिठलं-भात नाही, चार दिवस मेथी. आपल्या सकाळीत ती नुसती उभी होती. दोन सकाळी, एक वखार, आणि मत एकास एक. खरी कुठली हे तिला चांगलं ठाऊक होतं, त्यात तिचा एका क्षणाचाही घोटाळा झाला नाही. पण खरीने तिचं काय भलं केलं होतं? संध्याकाळी घरी अप्पा म्हणाले, दिल्लीचा सूर बदललाय, आता होतंयच बघ, मुंबई मिळतेच. ती म्हणाली, बरं, मग? अप्पा म्हणाले, मग काय, मग झालंच की. त्या ‘मग’मध्ये ती आता राहिलेली नव्हती हे दोघांच्याही लक्षात आलं, आणि अप्पांनी ताटातली चटणी उगीच डावीकडून उजवीकडे केली.

शनिवारी ती अर्धा तास आधी आली. बुधाजी जमीन पुसत होता. त्याने विचारलं, “खळ लावू का चुलीवर?” ती म्हणाली, “आज नको.” मग तिने दौत ओढली, वाचनालयाचा छापील कागद घेतला, आणि जावक क्रमांक दोनशे बारा घालून, एकही खाडाखोड न करता लिहायला बसली. गंगाधरपंत अर्ज वाचत नसत. मागे ‘पाहिले’ असं लिहून खाली सही करत, आणि मंजुरीचे अधिकार कार्यकारी मंडळाकडे आहेत म्हणत. कार्यकारी मंडळाची गणपूर्ती सत्तावन्न सालानंतर झालेली नव्हती. हे सगळं माहीत असूनही तिने समास सोडला, तारीख घातली, आणि अक्षर अगदी नीट काढलं.

मा. चिटणीस यांसी, सा. न. वि. वि. ‘भिजली पैठणी’ या कादंबरीचे परीक्षण पूर्ण झाले असून इतर पृष्ठांबाबतचा अहवाल सोबत जोडला आहे. पृष्ठ ११७ ते १२१ वरील मजकूर आक्षेपार्ह नसून खाजगी आहे. खाजगी मजकुराबाबत घटनेत नियम आढळत नाही. सदर मजकुरात वर्णिलेली भेट प्रत्यक्षात झालेली नाही. तथापि ती झाली व अर्जदाराने नकार दिला, असे दुसऱ्या पक्षाचे ठाम म्हणणे असून त्यास अर्जदाराची आता हरकत नाही. सबब, जानेवारी १९५६ मध्ये संचारबंदी उठलेल्या दिवशी सकाळी आठ ते दहा या वेळेत संबंधित इसम ठरल्या जागी हजर होते, आणि अर्जदाराने त्यांना पूर्ण विचारान्ती परत पाठवले, असे पूर्वलक्षी प्रभावाने धरण्यास कार्यकारी मंडळाने मंजुरी द्यावी, व मंजुरीची सही-शिक्क्यानिशी एक प्रत अर्जदारास मिळावी, ही विनंती.